कढईचं तेल आणि माहेरचं अळू

सोनीबाईच्या माहेरी जायला होडी लागते, आणि तिथं पोचल्यावर पाय ठेवायला जागा नसते. डिंभ्याचं धरण भरलं तेव्हा तिच्या आईचं गाव पाण्याखाली गेलं. माणसं वाट फुटेल तिकडे पांगली. सोनीबाईचं लग्न त्याआधीच डिंभ्यात झालेलं, म्हणून तिला कुठं जावं लागलं नाही; धरणाचं पाणीच तिच्या दाराशी आलं. "माजं म्हायेर चालत दारात आलं," असं ती हसत सांगायची.

गाव उठलं त्या उन्हाळ्यात ती माहेरून एकच वस्तू घेऊन आली. भांडीकुंडी भावानं नेली, दारं-चौकटी चुलत्यांनी काढून नेल्या. आईनं हिच्या पदरात मोरीमागच्या अळूचे चार कंद टाकले. काळ्या देठाचं अळू, घशाला न खाजणारं. सोनीबाईनं ते आपल्या मोरीच्या पाण्यावर लावलं आणि ते असं फोफावलं, की अर्धं डिंभं तिच्या दारी वडीची पानं मागायला यायचं. माहेरचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. ती पानं देताना कापायची सुरी मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

नवरा चिमाजी धरणात जाळी टाकतो. पोरं मोठी झाल्यावर सोनीबाईनं एसटी थांबते तिथं तळलेल्या मासळीची टपरी घातली. एसटीचा काही नेम नाही, आणि ताटकळलेल्या माणसाला भूक लागतेच. एसटी वेळेवर आली की सोनीबाईचं तोंड पडायचं, असं चिमाजी सगळ्यांना सांगत असे.

रविवारी पुण्याची मंडळी धरण बघायला येऊ लागली, तशी कढई मोठी झाली आणि तेलाचा प्रश्न उभा राहिला. मासळी तळून काळं झालेलं तेल दुसऱ्या दिवशी वापरायचं तिच्या जिवावर यायचं. "ज्याचा वास मला सोसंना, ते पावण्याच्या पानात कसं वाढू?" शेजारचा टपरीवाला आपलं तेल सरळ धरणाच्या पाण्यात ओतायचा. सोनीबाईनं त्याला एकदा असं फैलावर घेतलं, की तो पंधरवडाभर तिच्याकडं बघत नव्हता. त्या पाण्याखाली तिच्या आईचं अंगण होतं. तिथं खरकटं कोण टाकेल?

मग तिनं आईचंच बघून केलं. आईकडं खुरासणीचं तेल घाण्यावरून यायचं, आणि ते कधी उरायचंच नाही. दिवाळीच्या कढईतलं तळाशी राहिलेलं दाराच्या खुंट्यांना, कोयत्याला, बापाच्या फुटलेल्या टाचांना लागायचं. त्यातूनही चमचाभर राहिलं तर आई म्हणायची, "टाक मोरीत, अळू पिईल." सोनीबाईला ते बोल अजून ऐकू येत. ती रोज संध्याकाळी कढई घरी आणायची आणि मोरीत उपडी करायची. आईचा चमचा आणि आपली कढई यांतला फरक तिच्या ध्यानातच आला नाही.

सून उज्ज्वलानं एकदा सांगून बघितलं. "आत्या, इतकं त्याल मातीत जिरत नाय वो."

"माज्या आईचं जिरत व्हतं," सोनीबाई म्हणाली.

दिवाळीनंतर अळूची पानं पिवळी पडली. मोरीचं पाणी जिरेना, वर पांढरट साय धरू लागली. रात्री कुत्री येऊन माती उकरू लागली. सोनीबाईनं शेण घातलं, राख घातली, दृष्टही काढली. शिमग्याच्या सुमारास शेवटचं पान मान टाकून पडलं, तेव्हा तिनं खुरपं घेऊन खणलं. माती मेणासारखी हाताला चिकटत होती. कंद बोटानं दाबले तसे पचकले आणि त्यांना मासळीचा वास आला.

ती तिथंच चिखलात बसली आणि रडली. गाव बुडालं तेव्हाही ती एवढी रडली नव्हती. तेव्हा निदान बुडवणारं दुसरं कुणीतरी होतं.

उज्ज्वलानं, मी सांगत होते असं एका शब्दानं म्हटलं नाही. तिनं सासूचे हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी रामनाथला गाठलं. रामनाथ मंचरहून टेम्पो घेऊन मासळी न्यायला येतो. त्याच्या भावाचं तिकडं हॉटेल आहे, आणि तिथलं जळकं तेल न्यायला एक गाडी येते, एवढं तिनं ऐकलं होतं.

"कशाला नेत्यात?" सोनीबाईनं विचारलं.

"त्याचं डिझेल करत्यात, मावशी. गाड्यांत घालाया."

"का परत कुनाच्या कढईत?"

"नाय वो. माजा भाऊ वळखीतला मानूस बघूनच देतो."

"मंग भैरोबाची आन घे."

रामनाथनं टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवून भैरोबाची आण घेतली. त्या दिवसापासून टपरीत झाकणाचा एक डबा आला. तेल गार झालं की फडक्यातून गाळून त्यात जातं, आणि डबा भरला की मासळीबरोबर मंचरला जातो. मोरीपुढची खराब माती चिमाजीनं खणून काढली, नवी गाळाची माती भरली. जागा तयार झाली, पण लावायला काही नव्हतं. सोनीबाई सकाळी उठून तिकडं बघायची आणि तोंड फिरवायची.

वैशाखात पाणी उतरलं की बुडालेल्या गावच्या देवळाचा चौथरा उघडा पडतो. पांगलेली माणसं त्या दिवसांत नारळ फोडायला येतात. तशी झुंबरबाई आली. माहेरची शेजारीण, आता मंचरच्या अंगाला राहणारी. टपरीवर बसून तिनं विचारलं, "अळू हाय का गं मोरीवरचं?"

"मेलं," सोनीबाई म्हणाली. "मीच मारलं, त्याल पाजून." झुंबरबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि एसटी आली म्हणून ती उठली.

त्यानंतरच्या खेपेला रामनाथनं रिकामा डबा परत आणला, आणि सोबत ओल्या फडक्याचं एक गाठोडं. आत कंद होते, काळ्या कोंबांचे.

"झुंबरमावशींनी धाडल्यात," तो म्हणाला. "सांगितलंय, ह्ये तुज्याच आईचं हाय. गाव सोडताना तिनं समद्या आळीला वाटलं व्हतं. म्हनली व्हती, एकीचं तरी ऱ्हाईल."

सोनीबाई इतकी वर्षं समजत होती, की आईनं फक्त आपल्याच पदरात टाकलं. तिला थोडा राग आला, आणि मग इतकं बरं वाटलं, की तिनं एकेक कंद हातात घेऊन बघितला.

संध्याकाळी तिनं कंद लावले. मग कढई घेतली, कागदानं कोरडी होईस्तोवर पुसली, आणि मगच मोरीत धुतली.