बिननवसाची धाव

संध्या पहिल्यांदा डोंगरात पळाली ती एका वानराच्या मागे, आणि तेही नाइलाजाने.

ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. माहेर रनाळ्याचं, सासर तळोद्याचं, वय पंचेचाळिशीच्या पलीकडे, अंगाने भरलेली. आठवड्यातून दोनदा मगनच्या जीपने सातपुड्यात वर जायचं, पाड्यापाड्यांतली मुलं वजनकाट्यावर बसवायची आणि संध्याकाळी त्याच जीपने खाली यायचं, हे तिचं काम. त्या दिवशी घाटाच्या मधल्या वळणावर जीप तापली. मगन बॉनेट उघडून पाणी ओतू लागला, माणसं पाय मोकळे करायला उतरली. संध्या कठड्यावर बसली, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि ओढणीने तोंड पुसू लागली. तेवढ्यात एक वानर आलं, शांतपणे चष्मा उचलला आणि दरीत उतरलं.

चष्म्याशिवाय संध्याला माणूस आणि विजेचा खांब यांतला फरक, त्यांतलं एक हलल्याशिवाय कळत नसे. पण पुढे जाणारी राखाडी हालचाल तिला दिसली आणि ती तिच्या मागे सुटली. खाली घळीत सागाची वाळली पानं पापडासारखी फुटत होती. तळाशी ओहोळ होता, तो तिने कधी ओलांडला ते तिलाच कळलं नाही. पलीकडचा चढ ती हातापायांवर चढली. वर पोचल्यावर वानराने चष्म्याची एक काडी चावून बघितली, त्याला काही ती आवडली नाही, आणि चष्मा टाकून ते झाडावर गेलं.

संध्याने चष्मा ओढणीला पुसून डोळ्यांवर चढवला आणि आजूबाजूला पाहिलं. ती डोंगराच्या एका सोंडेच्या टोकाला उभी होती. मागे घळीपलीकडे मगनची जीप काडेपेटीएवढी दिसत होती. समोर सगळा सपाट खानदेश पसरला होता, केळीच्या बागा, उसाचे हिरवे तुकडे, आणि लांब कुठेतरी तापीची चमकणारी रेघ. एका चपलेचा अंगठा तुटला होता, छाती भात्यासारखी चालली होती आणि ती एकटीच मोठमोठ्याने हसत होती.

रनाळ्याच्या शाळेत असताना ती खो-खो खेळायची. लग्नानंतर पळणं उरलं ते सुटणाऱ्या एसटीपुरतं. आज इतक्या वर्षांनी तिच्या पायांना आठवलं होतं की आपण फक्त बाईला इकडून तिकडे पोचवायला नाही.

जीपपाशी परत आल्यावर मगनने विचारलं, "ताई, चष्मा भेटना का?"

"भेटना," ती म्हणाली. "मगनभाऊ, ही घळीतली पायवाट कोठे जास?"

"वरना पाड्यावर. पण आते कोणी जात नही. जीप शे ना!"

पुढच्या रविवारी संध्याने बाजारातून आणलेले कॅनव्हासचे बूट घातले, ओढणी कमरेला गच्च बांधली आणि मगनच्या जीपमध्ये बसली. मधलं वळण आल्यावर म्हणाली, "थांबव. मी आठून पळत येस."

मगनने ब्रेक मारला. मागे जीपमध्ये आणि जीपवर मिळून जेवढी माणसं होती तेवढी सगळी तिच्याकडे वळली.

"ताई, गाडी तं चांगली चालू शे," मगन दुखावल्या आवाजात म्हणाला.

"गाडीना काही दोष नही, भाऊ. माले पळानं शे."

"पण कसाले?"

या प्रश्नाचं उत्तर संध्याकडे होतं, पण ते इतकं साधं होतं की सांगायची लाज वाटली. बरं वाटतं म्हणून. घळीत उतरलं की गार हवा लागते, ओल्या दगडांचा वास येतो. चढाला श्वास पुरत नाही आणि डोकं रिकामं होतं. पण खरी मजा उताराची. उताराला विचार करायला सवडच नसते, दगड, मुळी, मुरूम, पुन्हा दगड, पाय परस्पर ठरवत जातात आणि आपण नुसतं त्यांच्यावर बसून जायचं. त्या वेळी मासिक अहवाल आठवत नाही, आजारी सासू आठवत नाही, आपलं वयसुद्धा आठवत नाही. हे भर घाटात, जीपमधल्या एवढ्या माणसांसमोर कसं सांगायचं?

जीपवरच्या एका म्हाताऱ्याने समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाला, "नवस शे."

"हां, नवस शे!" मगनला एकदम मोकळं वाटलं. त्याने दोन्ही हात जोडले, ते तिला की तिच्या देवाला कोण जाणे, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.

वरच्या पाड्यावर मात्र नवसाबिवसाचं कोणाला काही नव्हतं. चैत्रात मोह गळायला लागला होता. भुरीबाईने आपल्या झाडाखालची जमीन झाडून, पालापाचोळा जाळून आरशासारखी केली होती आणि पहाटे गळलेली पिवळी फुलं वेचायच्या तयारीत ती टोपली घेऊन आली होती. त्याच वेळी संध्या पायवाटेने धडधडत वर आली आणि वळण चुकून थेट त्या फुलांमधून गेली.

भुरीबाई जे बोलली ते भिलीत होतं. संध्याला शब्द कळले नाहीत, पण अर्थाबद्दल शंका उरली नाही. तिने मुकाट्याने बूट काढले, खाली बसली आणि फुलं वेचू लागली. फुटलेली वेगळी, चांगली वेगळी. टोपली भरली तेव्हा भुरीबाईचा आवाज उतरला. तिने संध्याला वरून खालून न्याहाळलं आणि अहिराणीत विचारलं, "परत खाली जाशी?"

"जासू ना."

"पळत?"

"हां, पळत."

"मग हाई ली जाय." भुरीबाईने घरातून मिरच्यांचं गाठोडं आणलं. तिचा जावई लखन घाटाच्या पायथ्याशी राहायचा, लेक तिथे दिलेली. बाई अशीही खाली पळणार आहे तर रिकाम्या हाताने कशाला? एवढाच तिचा विचार.

संध्या मिरच्या पाठीला बांधून पळाली. पुढच्या रविवारी लेकीने आईसाठी लसूण वर पाठवला. त्याच्या पुढच्या रविवारी शेजारणीने आपल्या भावासाठी कोयत्याचं पातं दिलं. मग निरोप सुरू झाले. गाय व्याली, पोराला ताप आहे, लग्नाला या, उसने नेलेले पाइप परत करा. मोबाइलला घळीत रेंज नव्हती आणि जीपवाला मगन निरोप विसरायचा. संध्या विसरत नसे; उताराला दुसरं काही डोक्यात नसल्यामुळे निरोप जसाच्या तसा खाली पोचायचा. कधी तिला उशीर झाला तर पाड्यावरच्या बाया हिरमुसून म्हणायच्या, "आज पळनारी उनी नही."

इकडे तळोद्यात नवस पसरला. मगनच्या जीपने तो बाजारात उतरवला, बाजारातून तो गल्लीत आला. शेजारची ममता एका सकाळी चहाचा कप हातात घेऊनच आली. "संध्याताई, कोणता देवना नवस शे?"

"कोणताच नही व. माले आवडस."

ममता हसली. "नका सांगू. सांगं तं फळत नही, माले मालूम शे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मन्ही रिनाले पोलीस भरतीमा उतरानं शे. तिले बी तुमनासंगे पळू द्या ना. देव एकच आवाजमा दोन्हींनं ऐकी."

असं करत रिनाही येऊ लागली. ती पायाने चपळ आणि बोलण्यात कंजूष होती. तिला नवसाशी देणंघेणं नव्हतं, मैदानी चाचणी मात्र पास व्हायची होती. दोघी घळीत उतरायच्या, वर चढायच्या, आणि खाली येताना दोघींच्या पाठीवर गाठोडी असायची. ममताने रिनाच्या बुटांना हळदकुंकू लावलं तेव्हा रिनाने ते मुकाट्याने लावू दिलं आणि वळणापलीकडे गेल्यावर पुसून टाकलं.

या सगळ्यात खरा घाबरला तो संध्याचा नवरा. उमाकांतचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि झेरॉक्सच्या दुकानात माणसं थांबतात, बोलतात. प्रत्येक जण विचारी, "भाऊ, वहिनीना नवस कसाना शे?" उमाकांतला तो माहीत नव्हता. बायको नवस करते आणि नवऱ्याला सांगत नाही, याचा अर्थ त्याने दोन दिवस लावून पाहिला, आणि अर्थ एकच निघाला. नवस आपल्यासाठी आहे. आपल्यात तिला काहीतरी सुधारायचं आहे.

काय सुधारायचं याचा त्याला फार शोध घ्यावा लागला नाही. तंबाखू. लग्नापासून ती त्या एका गोष्टीवर बोलत आली होती आणि गेल्या काही महिन्यांपासून बोलायची थांबली होती. आता देवामार्फत चाललं होतं तर! एवढ्या भरल्या अंगाची बाई आपल्यासाठी डोंगर पळते! त्याने डबी गटारात टाकली. आठवडाभर त्याचं डोकं ठणकलं, गिऱ्हाइकांची आधारकार्डं उलटीसुलटी छापली, बडीशेप खाऊन खाऊन जबडा दुखला. पण बायकोला तो काही बोलला नाही. सांगितलं तर फळत नाही.

संध्याच्या एवढंच लक्षात आलं की नवरा चिडचिडा झालाय आणि घरात बडीशेप टिकत नाही.

महिना झाल्यावर उमाकांतला राहवेना. आपण तर सुधारलो, मग ही अजून का पळते? आणखी काय सुधारायचं राहिलंय? रिना परीक्षेसाठी नंदुरबारला गेली होती त्या रविवारी तो मोटारसायकलने घाटातल्या मधल्या वळणावर गेला, गाडी लावली आणि पायवाटेने घळीत उतरला. ओहोळापर्यंत बरं चाललं. पलीकडचा चढ त्याने पाहिला आणि एका दगडावर बसला.

तेवढ्यात वरून दगड घरंगळल्याचा आवाज आला. मग फडफड ऐकू आली. आणि मग त्याची बायको. ओढणी कमरेला, केस सुटलेले, गाल लाल, काखेत एक जिवंत कोंबडी, आणि ती उतारावरून अशी येत होती की उमाकांतला आधी वाटलं ती पडतेय. मग लक्षात आलं, नाही, ती हसतेय.

"तुमी?" तिने ओहोळाच्या काठावर पाय रोवले. "काय जयं? आई बरी शे ना?"

"आई बरी शे," उमाकांत म्हणाला. त्याची नजर कोंबडीवर खिळली होती. "संध्या, कोंबडीना नवस शे का?"

"कसाना नवस! हाई लखनकडे द्यानी शे. भुरीबाईनी धाडेल शे."

"मग मन्हाकरता काय मांगेल शे तू?"

"तुमनाकरता?"

"मी तंबाखू सोडी दिनी! महिना जया!"

संध्या थबकली. तिला बडीशेप आठवली, त्याची चिडचिड आठवली. "पण मी काहीच मांगं नही," ती हळूच म्हणाली. "नवस नहीच शे. मी असंच पळस. माले आवडस."

उमाकांत दगडावरून उठला. "म्हंजे मी फुकटच सोडी?"

तो इतक्या कळवळून बोलला की संध्याला हसू आवरेना, आणि हसताना तिची काख सैल झाली. कोंबडी निसटली. ती ओहोळावरून उडाली, पलीकडच्या करवंदीत शिरली, तिथून बाहेर पडली आणि घळीच्या तळाने सुसाट निघाली.

"धरा! भुरीबाई माले जित्ती सोडाव नही!"

भुरीबाईला न पाहताही उमाकांतला ते पटलं आणि तो पळाला. पुढे कोंबडी, मागे झेरॉक्सवाला, त्याच्या मागे पर्यवेक्षिका. त्याने एक चप्पल ओहोळात घालवली, शर्ट करवंदीत फाडला, एका घसरड्या दगडावरून तो न ठरवताच बरंच अंतर बसूनच गेला. शेवटी कोंबडी एका कपारीत अडकली. उमाकांतने तिच्यावर झेप घेतली आणि दोन्ही हातांत धरून वर केली. घामाने चिंब, गुडघा सोललेला, डोक्यात पिसं.

"धरी!" तो ओरडला. घळीने ते दोनदा परत ऐकवलं. मग तो तिथेच बसून हसायला लागला. लग्नात फोटोवाल्याने सांगितलं होतं तेव्हाही तो इतका हसला नव्हता.

जरा दम खाऊन तो म्हणाला, "आते समजनं माले."

"काय?"

"काही नही. चाल, लखनकडे जाऊ. पण पळानं नही हां, चालत."

ते अर्ध्या वाटेपर्यंत चालत गेले. मग उतार लागला.

रिना भरतीत निवडली गेली. ममताने गल्लीत पेढे वाटले आणि संध्याच्या पायावर नारळ ठेवला. संध्याने पुन्हा एकदा सांगून पाहिलं की रिना निवडली गेली ती रिना पळाली म्हणून. ममता म्हणाली, "हां हां, तेच तं!" त्यानंतर संध्याने समजावणं सोडून दिलं. गल्लीतल्या बाया आता गुडघेदुखी, सुनेची कटकट, पोराचं लग्न अशा निरनिराळ्या कारणांनी रविवारी मगनच्या जीपमध्ये बसतात आणि मधल्या वळणावर उतरतात. मगनने त्या जागेला थांबा करून टाकलाय. तो तिथे जाता येता हॉर्न वाजवतो. तिथे कोणता देव आहे हे त्याला अजून माहीत नाही, पण आपल्याकडून राहून जायला नको.

उमाकांत पाड्यापर्यंत येतो. तिथे भुरीबाईच्या ओट्यावर बसून काळा चहा पितो आणि खाली न्यायचं सामान गोळा करतो. हिशेबी माणूस असल्यामुळे कोणाचं गाठोडं कोणाच्या घरी, यात आता चूक होत नाही.

संध्या मात्र तिथे थांबत नाही. पाड्याच्या वर आणखी एक डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर गेलं की तापी पाठीमागे राहते आणि पुढे नर्मदेकडच्या घळी उघडतात, एकीमागे एक, निळ्या होत गेलेल्या. तिकडे एक पायवाट उतरताना दिसते. ती कुठे जाते हे तिने अजून कोणाला विचारलेलं नाही. मागून उमाकांत हाका मारत असतो, चहा निवला म्हणून. ती बुटाची नाडी घट्ट करते आणि उताराला लागते.