शेवटचा हात न दिलेलं दार

धाकट्याला खोली मिळणार की नाही, ते आज पाच वाजता ठरणार होतं. सकाळी देवापुढे बसले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं.

हा माझा पाठचा भाऊ, लाकडाला पॉलिश करणारा. दारूपायी संसार गेला, मग सहा वर्षं बसस्टँडच्या बाकांवर काढली. व्यसनमुक्ती केंद्रात गेला त्याला चौदा महिने झाले. तिथला मुक्काम उद्या संपतो. आमच्याकडे न्यावं, तर ह्यांचा राग अजून गेलेला नाही. उरली ही वरच्या मजल्यावरची एक खोली. घरमालकीणबाईंनी झाडलोट करायला त्याला सकाळीच किल्ली दिली होती. अट एकच: दारूचा वास आला, की करार नाही.

पाचला बाई आणि मी जिना चढत होतो. अर्ध्यातच वास आला. स्पिरिटचा.  बाईंनी नाकाला पदर लावला.

"कुत्र्याचं शेपूट," त्या म्हणाल्या.

धाकटा दारापाशी उकिडवा बसला होता, हातात कापसाचा बोळा. "काकू, दार फार ओरखडलं होतं. म्हटलं, तुम्ही खोली देताय, तर..."

"तोंड उघड."

त्याने उघडलं. त्यांनी वास घेतला. मीही नाक पुढे केलं, ते इथे लिहायलाच हवं. पण सगळा जिनाच घमघमत होता, कळणार काय?

त्याने बाटली पुढे सरकवली. आत काकवीसारखं दाट. "कोरं स्पिरिट मी हातात घेत नाही, काकू. दुकानदार आदल्या दिवशी त्यात चपडा, म्हणजे लाख, विरघळवून ठेवतो, मग आणतो. हे प्यायला माणूस वेडा लागतो."

"तू काय कमी वेडा होतास?" माझ्या तोंडून गेलं.

बाई दाराकडे बघत होत्या. "मग हे असं मंद का? आमच्या कपाटात तोंड दिसायचं."

"शेवटचा हात कोऱ्या स्पिरिटचा असतो. तो मी आता देत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरतात. कुरकुरू देत."

बाईंना पटलं की नाही, कळेना. त्या एवढंच म्हणाल्या, "खाली चल. साबणाने हात धू. चूळ भरायची नाही. आणि अर्धा तास वाऱ्यावर बस."

रस्त्याकडेच्या पायरीवर आम्ही तिघं ओळीने बसलो.  धाकटा नखांतला लाल रंग खरवडत होता. माझं नामस्मरण चाललेलं, पण मधेच भीती डोकावायची: निघालाच वास, तर उद्या हा कुठे जाईल? माझ्या दारात आला, तर मी दार उघडीन?

अर्ध्या तासाने बाई उठल्या, त्याच्यासमोर वाकल्या. "हा कर."

"हाऽऽ."

"पुन्हा."

"हाऽऽऽ."

"उपाशी आहेस," त्या म्हणाल्या. "अकरा महिन्यांचा करार. वास घ्यायला मी कधीही येईन."

"या की. येताना नाकाचा पदर तेवढा घरी ठेवा."

हसू आवरत बाईंनी कागद काढला. जामीन म्हणून मी सही केली. धाकटा किल्ली घेऊन धावतच वर गेला. मागोमाग आम्ही दम खात पोचलो, तर दार बंद, आतून कडी. सात वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घातलेली. बाई ठोठावायला निघाल्या, मी त्यांचा हात धरला.