भीतीवरचे चार थेंब

दवाखान्यात किस्से फार लवकर साचतात. औषधांच्या बाटल्या निदान रिकाम्या तरी होतात!

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी श्रीवर्धनला मामांच्या दवाखान्यात औषधे बनवू लागले. त्याच वर्षी मामांनी विलायतेहून फुलांचे अर्क मागवले. भीतीला एक फूल, रागाला दुसरे, निराशेला तिसरे! मी तपासून पाहिले: पाणी आणि ब्रँडी.

"यमू, मन तुझ्या परीक्षानळीत मावायचं नाही," मामा म्हणाले.

पहिली बाटली चांगुणा कोळणीला मिळाली. नवऱ्याची होडी परतली नव्हती. तेव्हापासून ती जेवत नव्हती, रडत नव्हती. अंगावरच्या पोरीला दूध पुरेना. मामांनी भीतीवरचा अर्क दिला. रोज चार थेंब.

*

पेन्शनर गुरुजींना रागावरचा अर्क दिला. त्यांनी बूच उघडून वास घेतला आणि बाटली टेबलावर आपटली.

"दारू? मला? डॉक्टर, आयुष्यात इतका राग आला नव्हता!"

*

म्हसळ्याच्या एका शेतकऱ्याला झोप येत नसे. बाटली तोंडाला लावण्याआधी तो ती देवळात घेऊन गेला. गुरवाने देवाला दोन कळ्या लावून कौल मागितला. डावी आधी पडली; म्हणजे नकार. बाटली परत आली.

"देव न्हाय म्हनला, बाय."

देवाशी माझे एकमत झाल्याचा हा एकमेव प्रसंग!

*

चांगुणा दर सोमवारी रिकामी बाटली धुऊन आणी. "बघ, किती नेमाने घेते!" मामा म्हणत. मी मुलीला तराजूत ठेवी. दर सोमवारी वजन उतरलेले.

चौथ्या सोमवारी मामांनी निराशेवरचे थेंब स्वतःच घेतले.

"काही फरक?" मी विचारले.

"आहे ना. आता निराश आहे याची खात्री पटली."

*

पाचव्या सोमवारी चांगुणा आली नाही. दुपारी मी किनाऱ्यावर गेले. ओहोटी नुकतीच लागली होती. पोरीला काखेत घेऊन ती गुडघाभर पाण्यात उभी होती आणि बाटलीतून थेंब मोजत होती. एक. दोन. तीन. चार. सगळे समुद्रात.

"चांगुणा! अगं, ते तुझं औषध!"

तिने शांतपणे बूच लावले.

"मना कसली भीती, बाय? भ्याला आसंल तो पोरीचा बापूस."