शांत पंखा

"आजी, मागे पिठाची गिरणी चालू आहे का गं?" असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारलंत, म्हणून तुमच्या बाबाने जोडून दिलेल्या कॉम्प्युटरसाठी कमी आवाजाचा पंखा आणायला मी गेले. दुकानदाराने एक पंखा कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसवून दाखवला.

"सुरू करा ना," मी म्हटलं.

"सुरूच आहे, काकू. अगदी बारीक घरघर आहे, चालेल ना?"

मी जाळीसमोर तळहात धरला. वारा लागत होता, घरघर मात्र मला ऐकूच येत नव्हती. कुकरची शिट्टी, दारावरची थाप, तुमची हाक, सगळं असंच एकेक करून निसटत जाईल का?

तरी तोच घेतला. माझं बोलणं तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून. आता बोलता बोलता तुम्ही जरा थांबलात, की मी घाबरून तुमचे ओठ हलतायत का ते बघते.