वकीलताईचा उजवा हात

वकीलताईबद्दल मी लिहावं का, हेच मला नीट कळत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. अर्ज आणि परीक्षेचे पेपर सोडून मी फारसं काही लिहिलेलं नाही. शिवाय तिला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. तरी लिहितोय. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, एक हिरवट तुळस गोंदलेली होती आणि तिच्याभोवती पाच ठिपके. बोलताना तो हात कधी स्वस्थ नसे, त्यामुळे नव्या माणसाला आधी तुळस दिसायची आणि मग ताई. ती लॉच्या पहिल्या वर्षाला गेली तेव्हापासून गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे तिला वकीलताईच म्हणत. सनद मिळायला अजून बरीच वर्षं होती, पण भाडेकराराचे कागद लोक तिच्याकडेच आणत.

माझा कॉलेजचा फॉर्म तिनेच भरून घेतला. भरून दिला नाही, भरून घेतला. बारीक अक्षरातल्या ओळींवर ती बोट ठेवी आणि म्हणे, "वाच, मग सही कर." वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून मी अडलो, तेव्हा तिने सांगितलं की टेम्पो चालवणाऱ्याचा मुलगा असण्यात खोडण्यासारखं काही नसतं. हे ती समजूत घालायला म्हणाली नव्हती. रकाना रिकामा राहिला तर फॉर्म परत येतो, एवढंच तिला म्हणायचं होतं.

ती तुळस मूळची तिच्या आईची. आई भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची आणि म्हणायची, माणूस गेल्यावर सगळे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं. आई गेली तेव्हा ताईने तिला उचलायच्या आधी तिच्या हाताचा फोटो काढला. नातेवाइकांना ते विचित्र वाटलं. महिन्याभरात ती सिल्व्हर पार्कजवळच्या एका टॅटूच्या दुकानात गेली. तिथला पोरगा म्हणे, मॅडम, थोडं मॉडर्न करून देतो. तिने एक ठिपकासुद्धा हलवू दिला नाही.

काळ्या कोटाची बाही मनगटाशी संपते. सनद मिळाल्यावर ती नोकरी शोधू लागली आणि पुढची दोन वर्षं तिचं सगळं तिथेच अडलं. कुठे म्हणाले, क्लायंटसमोर बसायचं काम आहे. कुठे नुसतंच विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या? एका ऑफिसात रिसेप्शनवरच्या मुलीच्या मानेवर चिमणी गोंदलेली होती आणि सगळे तिचं कौतुक करत होते. आमच्या घरी येऊन ताई म्हणाली, "तिची चिमणी चालते, माझी तुळस चालत नाही." ती हसली, पण मला हसू आलं नाही. माझा राग त्या लोकांवर होता आणि थोडा तिच्यावरही. आईची आठवण आहे, एवढं एक वाक्य ती का सांगत नाही? मी तसं म्हटलं, तर तिने मान हलवली. "आईच्या नावावर नोकरी नाही मागायची."

तेव्हा मी काशीगावात एका मोठ्या वकिलांकडे संध्याकाळी टायपिंगला जायचो. त्यांनीही तिला एकदा परत पाठवलं होतं. मी धीर करून त्यांना सगळं सांगितलं. आई, मासळी, तो फोटो, सगळं. सरांचे डोळे पाणावले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी तिला बोलावलं. तिला वाटलं, तिचे ड्राफ्ट आवडले. मी तसं वाटू दिलं.

दीड महिना छान गेला. मग एके दिवशी काही पक्षकार बसलेले असताना सर कौतुकाने म्हणाले, "मॅडम, जरा हात दाखवा यांना. आईची आठवण आहे, म्हणून तर आम्ही घेतलं यांना." पक्षकार वाकून पाहू लागले. एकाने हात जोडले. ताईने फाइल पुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते डाव्या हाताने दाखवलं.

जिन्यात तिने मला थांबवलं. "कुणी सांगितलं?"

"ताई, तुझ्यासाठीच..."

"तुझा फॉर्म मी कधी भरला होता का?" ती म्हणाली. "मग माझा तू का भरलास?"

हातातली कामं पुरी करून शनिवारी तिने नोकरी सोडली. पुढे ती पुण्याला गेली. माझे मेसेज ती वाचायची, उत्तर द्यायची नाही. मी अजून स्वतःशीच भांडतो. मी सांगितलं नसतं तर ती घरीच बसली असती, आणि सांगितलं तर हे झालं. यातलं बरोबर काय होतं, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

परवा बाजारात तिची मावशी भेटली. ती बहिणीच्याच जागेवर बसते. मी ताईची चौकशी केली. पापलेटावर पाणी शिंपडत ती म्हणाली, ताई एका मोठ्या कंपनीत लागली, पगार चांगला आहे.

"हात पुसून घेतला तिनं, लेझर का काय ते. चार-पाच येला गेली. लई दुखलं म्हने." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी इचारलं, गो, आयशीची तुळस ती. तर बोलली, आता कोन आयचं इचारीत न्हाय, बरं हाय."