पायरीवरच्या चपला

जुन्या वीजघराच्या उद्यानात शिरलो की माझी नजर आधी नदीच्या पायऱ्यांकडे जाते. तिथे सापडलेला चपलांचा एक जोड मी विसरलेलो नाही.

शिपाई म्हणून भरती होऊन मी फौजदार झालो होतो. शहादा तालुक्यातले ठाणे. पाण्यावर वीज करणारे तिथले जुने केंद्र बंद पडून नुकतेच उद्यान झाले होते. रविवारी सकाळी फिरायला आलेल्या एकाने फोन केला की पायरीवर चपला आहेत, माणूस नाही. त्याआधीच आमच्याकडे मिसिंग दाखल होती. त्याच वीजघरात नोकरी केलेला सत्तरीचा ऑपरेटर आदल्या दुपारपासून घरी नव्हता. मुलाने चपला ओळखल्या.

स्टेशन डायरीत नोंद केली, पाण्यात पोहणारे उतरवले आणि मुलालाच समोर बसवले. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार आदल्या दिवशी बापलेकांचे कडाक्याचे भांडण झाले होते. त्या बंद यंत्रांपाशी रोज काय जातोस, यावरून. मी भडक डोक्याचा माणूस, दोन तास ओरडलो. बापाला ढकललेस कुठे, एवढेच विचारत राहिलो. ओरडून घसा बसला तेव्हा कुठे त्याचे बोलणे कानावर आले.

"साहेब, आप्पा नदीमा चपला घालीसनच उतरस. गोटा टोचतस ना त्याले. चपला दोनच ठिकाने काढस. देवसमोर नि मशीनघरमा."

हे त्याने सकाळीच सांगितले होते, असे हवालदार हळूच म्हणाला.

जुन्या कामगारांची रीतच होती. चपला पायरीवर ठेवायच्या, पाय धुवायचे आणि अनवाणी यंत्रांपाशी जायचे. शनिवारी रंगकामासाठी वीजघर उघडे होते, संध्याकाळी कुलूप लागले. मुलाला घेऊन मी तिकडे निघालो. ठेकेदाराचा माणूस किल्ली देईना. कार्यालयाचे पत्र आणा, म्हणाला. घासाघीस मला येते. म्हटले, पत्र आत्ता लिहितो. आत माणूस असण्याची शक्यता सांगूनही किल्ली नाकारली, एवढेच त्यात असेल, खाली सही करा. किल्ली मिळाली.

तळमजल्यावर टर्बाइनला टेकून म्हातारा बसला होता. पाय मुरगळलेला, ओठ सुकलेले. नदीच्या आवाजात त्याच्या हाका बाहेर पोहोचल्याच नव्हत्या. मी धावत जवळ गेलो. त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिले.

"साहेब, बूट बाहेर काढा. मशीनघर शे हाई."

मुलगा जिन्यावरच मटकन बसला आणि हसता हसता रडू लागला.

पेपरात फोटो वरिष्ठांचा आला. ते त्या दिवशी जिल्ह्यात नव्हते. माझे नाव कुठेच नव्हते आणि ते मला आजही खुपते. पण खरे सांगायचे तर नावावर माझाही हक्क थोडाच होता. केस मुलाने सोडवली होती. मी फक्त उशिरा ऐकले, आणि त्या उशिरात एक म्हातारा तहानेने जाऊ शकला असता.

आता उद्यानात गेलो की मी पायरीवर बूट काढतो, पाय धुतो आणि मगच वीजघरात शिरतो. म्हातारा आत असला तर माझ्या पायांकडे बघतो आणि मगच रामराम घालतो.