हुरड्याच्या दिवसांतला सॉफ्टबॉल

सर्व वाचकांनी कृपया उभे राहावे. हातात चहा असल्यास खाली ठेवावा. जगाच्या क्रीडा-इतिहासाला वळण देणारा एक सामना आम्ही साक्षात अंबडला जाऊन पाहून आलो आहोत. आता बसा. चहा निवला असेल.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. माझा मेहुणा तिथल्या एका कॉलेजात प्राचार्य. जालन्याहून एसटीने निघालो. वाटेत एका फाट्यावर पटकेवाले एक गृहस्थ चढले आणि अर्धे सीटवर, अर्धे माझ्या मांडीवर स्थिरावले.

"ज्वारी हुरड्यात आली," त्यांनी कंडक्टरला सांगितलं, "पाखरं दम खाऊ देऊन न्हाई राह्यली. पोरीला कायमचं घरी आणाया चाललो. संध्याकाळी दोघं येतो, जागा धर."

"धरतो की, मामा. राणीसाहेबांना गादी टाकू का?"

कॉलेजात पोचलो तर मेहुणा कपाळाला हात लावून बसलेला. "दाजी, रुक्मिणचा बाप तिला न्यायला आलाय. ती गेली की आठच पोरी उरतात. नवाचा संघ मोडला, की वंदना मॅडमची नोकरीही गेली."

या मॅडम म्हणजे मेहुण्याची सगळ्यात यशस्वी चूक. त्याने बोलावला होता क्रिकेटचा प्रशिक्षक. तो आलाच नाही, आल्या या सॉफ्टबॉलवाल्या. तोवर कॉलेजचा खेळविभाग म्हणजे एक कॅरम, तोही स्टाफरूममध्ये. मॅडम आधी शिवारं हिंडल्या. माळ्यावरून (राखणीच्या उंच मचाणावरून) गोफणीने कुणाचा दगड लांब जातो, ते पाहिलं. त्या पोरी कॉलेजातच होत्या. खेळाचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"आजचा सामना झाला की नेतो," मैदानावर रुक्मिणचे वडील मॅडमना म्हणाले. माझे बसमधले शेजारी तेच!

"न्या की, काका," मॅडम म्हणाल्या. "पण बसून बघा तरी."

आम्ही मैदानाच्या कडेला बसलो. वडिलांनी पोरीसाठी आणलेला हुरडा आणि लसणाची चटणी माझ्यापुढे सरकवली. मी नको म्हणालो नाही. समोर शहरातला संघ, कडक इस्त्रीचा. आमच्या पोरी चेंडू फेकताना पाखरं हाकल्यासारख्या "हाऽऽ हुर्रर्र!" ओरडत. पाहुण्या दोनदा आभाळाकडे बघत राहिल्या आणि दोनदा बाद झाल्या.

शेवटी आम्ही एका धावेने पुढे आणि पाहुण्यांचा शेवटचा गडी बाद व्हायचा उरला. पाहुण्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर, घरच्या बेसला पोचली की बरोबरी. टोला बसला, चेंडू थेट आमच्या अंगावर! मी हुरड्यासकट आडवा. पुढ्यात पडलेला चेंडू रुक्मिणने उचलला आणि "हाऽऽ हुर्रर्र!" म्हणत सरळ घरच्या बेसवर फेकला. विकेटकीपरसारखी बसलेली पोरगी हातमोजा मिटते, तोवर धावणारी दोन पावलं लांबच होती.

जिंकलो! रुक्मिणने वळून पाहिलं, तर समोर बाप. तिने हातमोजा पाठीमागे लपवला. वडील सांडलेला हुरडा वेचत राहिले.

परतीच्या बसमध्ये मी विचार करत होतो. या शिवारांत असे हात पिढ्यान्‌पिढ्या होते. ते ओळखणारं एक माणूस कॉलेजला लागलं, तेही चुकून. आता ते हातचं जाणार. एवढ्यात पटकेवाले चढले. एकटेच.

"मामा, राणीसाहेब कुठंयत?" कंडक्टर ओरडला. "अख्खं सीट धरून ठेवलंय!"

मामा अख्ख्या बसला ऐकू जाईल असे ओरडले, "ती खेळून राह्यली! पाखरं मी हाकतो, मला काय हात न्हाईत?"